मेणाची कुपी आणि ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट : प्यूजो ३०९ डिझेलच्या कामाच्या नोंदी

गाडी प्यूजो ३०९ डिझेल, १९९६ ची. वडिलांनी नवी घेतलेली. १९९४ पासून तीन-चार वर्षंच ही गाडी कल्याणच्या कारखान्यात बनली, म्हणून तिचे पार्ट मिळवणं हेच निम्मं काम असतं. नशिबाने इंजिन टीयूडी५ आहे, १५२७ सीसी. हेच इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत आलं. त्यामुळे पॅकिंग, पट्टा, फिल्टर अशा गोष्टी अजून सापडतात. या नोंदी ज्या पार्टच्या आहेत, म्हणजे थंड इंजिनाचा वेग आपोआप थोडा वर ठेवणारी मेणाची कुपी, तो मात्र मला कुठेच सापडला नाही. म्हणून तो ट्रॅक्टरच्या थर्मोस्टॅटमधून, म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेमधून, बनवला. या इंजिनाची गाडी ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना उपयोग होईल, म्हणून चुकांसकट लिहितोय.

६ डिसेंबर

मळा निफाडपासून सहा किलोमीटरवर. पहाटे साडेपाचला पडवीतला तापमापक ९ दाखवत होता. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, पण रेसवरून पाय काढला की आचके देऊन बंद. पाच मिनिटं पाय रेसवर ठेवून बसावं लागलं. मागून पांढरा धूर. एकदा गरम झाली की दिवसभर काही तक्रार नाही. गेल्या वर्षीही असंच होतं, पण तेव्हा थंडी कमी म्हणून दुर्लक्ष केलं.

७ डिसेंबर

थंडीत डिझेल गाडी नखरे करते म्हणजे हीटर प्लग (सेल्फ मारण्याआधी सिलिंडर आतून तापवतात ते) गेले, असं धरून चाललो. न तपासता चारही नवे आणले, ४२० ला एक, म्हणजे १,६८०. जुने काढल्यावर मीटर लावून बघितला. तीन प्लग एक ओहमच्या आत दाखवत होते, म्हणजे ठणठणीत. एकच तुटलेला. मीटर आधी लावला असता तर १,२६० रुपये वाचले असते. प्लग जागेवर असतानाच वरची पट्टी काढून मीटर लावता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

८ डिसेंबर

सेल्फ लवकर घेते आता. धूर किंचित कमी. पण पाय काढला की बंद, ते तसंच.

९ डिसेंबर

पिंपळगावच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने डिझेल पंपावरचा स्लो स्पीडचा, म्हणजे रेसवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा, स्क्रू अर्धा आटा फिरवून दिला. सकाळी खरंच बंद पडली नाही. पण गरम झाल्यावर स्लो स्पीड इतका वाढला की सिग्नलला उभं राहिलं तरी गाडी पुढे ओढतेय असं वाटायचं आणि रिव्हर्स टाकताना दात वाजायचे. घरी येऊन स्क्रू पुन्हा मूळ जागी आणला. पांढऱ्या रंगाची खूण आधीच करून ठेवली होती म्हणून जमलं. पंपावरच्या कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी खूण करा. हा स्क्रू थंड आणि गरम अशा दोन्ही वेळा सांभाळू शकत नाही, त्याचं ते कामच नाही.

इंजिनाच्या फेऱ्या मोजायला एक ऑप्टिकल टॅकोमीटर मागवला, १,१५०. पुलीला चमकती पट्टी चिकटवायची आणि उजेड मारायचा. पुढच्या सगळ्या आकड्यांना तो कामी आला.

११ डिसेंबर

खरं कारण सापडलं. पंपाच्या बाजूला रेसच्या तारेखेरीज आणखी एक बारीक तार आहे. ती जाते हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमध्ये बसवलेल्या अंगठ्याएवढ्या पितळी तुकड्यापर्यंत. त्या तुकड्यात मेणाची कुपी असते. पाणी थंड असताना मेण आकसलेलं, तार ताणलेली, आणि ती पंपावरचा एक लहान लिव्हर ओढून धरते, म्हणजे स्लो स्पीड थोडा वर राहतो. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, तार ढिली पडते, लिव्हर मागे जातो आणि इंजिन मूळ स्लो स्पीडवर येतं. जुन्या पेट्रोल गाडीत चोक ओढायचो, त्यातलंच हे एक काम, पण आपोआप होणारं.

माझ्या गाडीत थंड इंजिनालाही तार ढिली लोंबत होती.

खात्री करायला पैसे लागले नाहीत. पहाटे सेल्फ मारण्याआधी तो लिव्हर हाताने ओढला आणि प्लास्टिकच्या बंधाने बांधला. गाडी चालू झाली ती मिनिटाला ९५० फेऱ्यांवर शांत चालत राहिली, पाय न लावता. दहा मिनिटांनी बंध कापला, ७६० वर आली. ही चाचणी मी सहा तारखेला करायला हवी होती. ज्यांची तक्रार अशीच आहे त्यांनी आधी हेच करावं, प्लग नंतर.

बंध बांधून ठेवायचा आणि गरम झाल्यावर कापायचा, असंही चाललं असतं. पण पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जायची घाई असते, तेव्हा बॉनेट उघडून हे करत बसणं नको वाटतं.

१३ डिसेंबर

पितळी तुकडा सोडवण्यासाठी पाणी काढलं. कूलंट नव्हतंच, साधं बोअरचं पाणी होतं. हाउसिंगच्या आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर.

हाउसिंगचं झाकण काढायला गेलो आणि एक बोल्ट तुटला. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं बसलेला. मी गंज सोडवणारा डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून दहा मिनिटांत पाना लावला. रात्रभर भिजत ठेवायला हवा होता, आणि जोर लावताना आधी किंचित आवळून मग सोडवायला हवा होता. घाई नडली. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये हाउसिंग नेऊन बोल्ट ड्रिल करून नवे आटे बसवून घेतले. ४०० रुपये आणि अख्खा दिवस.

झाकण उघडल्यावर आत थर्मोस्टॅटच नाही. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये काढून टाकलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला उपाय हाच होतो. वडिलांना फोन केला. त्यांना आठवलं, मनमाडच्या रस्त्यावर एकदा गाडी उकळली होती, तेव्हा "वॉल काढून टाकला, आता तापणार नाही" असं कुणीतरी सांगितलं होतं. त्याला पंधरा वर्षं तरी झाली.

थर्मोस्टॅट नसेल तर हिवाळ्यात पाणी ५५–६० च्या वर जातच नाही. डिझेल जास्त जातं, धूर राहतो, आणि मेणाची कुपी चांगली असली तरी तिचं काम बिघडतं. कुपी आधी बनवून बसवली असती आणि नंतर हे कळलं असतं, तर माझी कुपीच चुकीची असं मी समजलो असतो. म्हणून क्रम हा ठेवा: आधी थर्मोस्टॅट जागेवर, मग कुपी.

१५ डिसेंबर

झेन डिझेलचा ८९ अंशांचा थर्मोस्टॅट नाशिकला मिळाला, ६५०. पॅकिंग ६०. थर्मोस्टॅटच्या कडेला हवेसाठी एक सैल खिळी असते, ती वरच्या बाजूला ठेवली. पितळी तुकड्याच्या जागी तात्पुरतं बूच ठोकलं. दोन वेळा साधं पाणी भरून, फिरवून, काढून टाकलं. तिसऱ्यांदा कूलंट, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी. चार बाटल्या १,२८० च्या. हेड अॅल्युमिनियमचं आहे, बोअरचं पाणी पुन्हा घालणार नाही.

हाउसिंगवरचा हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवूनच भरायचं. बुडबुडे बंद होऊन सलग धार आली की आवळायचा. पहिल्या खेपेला मी घाई केली, हीटरमधून गार वारा आला, पुन्हा करावं लागलं.

तापमानाचा काटा पहिल्यांदाच मध्यावर जाऊन थांबला. इतकी वर्षं तो तळाशी पडलेला बघून गाडी "थंड राहते" याचं आम्हाला कौतुक वाटायचं.

१८ डिसेंबर

जुन्या तुकड्याची परीक्षा. आईकडून एक जुनं पातेलं मागून घेतलं, ते आता गॅरेजचंच. डिजिटल तापमापक ३५० चा. तुकडा सांडशीत धरून पाण्यात बुडवला, वर्निअरने दट्ट्याची लांबी मोजत गेलो. २० अंशांपासून ९५ पर्यंत एकूण हालचाल अर्धा मिलिमीटर. पंपावरच्या लिव्हरला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ६ मिलिमीटर लागतात, ते मी तार ओढून मोजलं होतं. म्हणजे कुपी मेलेली.

नवा तुकडा परदेशातून मागवायचा तर कुरिअर आणि जकात धरून ७,६०० सांगितले, आणि तोही महिन्याने. म्हणून हॅक्सॉने दुमडलेली कड कापून उघडून बघायचं ठरवलं. आत कुपीच्या तोंडाशी रबर भेगाळलेलं, मेण बाहेर येऊन दट्ट्याभोवती थिजलेलं. बाहेरचं पितळी घर मात्र चांगलं आहे, आटेही शाबूत.

म्हणजे घर जुनंच ठेवायचं आणि आतली कुपी बदलायची. प्रत्येक थर्मोस्टॅटच्या पोटात अशीच एक कुपी असते. पितळी किंवा तांब्याची वाटी, आत मेण, रबर, आणि मध्ये एक दांडी. वितळताना मेण साधारण दहा ते पंधरा टक्के फुगतं आणि जागा नसल्यामुळे दांडीला बाहेर ढकलतं. प्रश्न एवढाच, कुठल्या थर्मोस्टॅटची कुपी.

२१ डिसेंबर

घरात एक जास्तीचा ८८ चा थर्मोस्टॅट पडला होता. तो उकळून मोजला. ८४ पर्यंत काहीच नाही, ८८ ला हलायला लागला, ९५ ला ७ मिलिमीटर. हालचाल भरपूर, पण उशिरा. गाडीतलं पाणीच ८९ ला स्थिर होणार, तेव्हा ही कुपी कायम अर्धवट फुगलेली राहील आणि स्लो स्पीड कधी पूर्ण खाली येणारच नाही. बाद.

मला हवी होती ती ६० च्या आसपास काम संपवणारी.

२४ ते २८ डिसेंबर

इथे पाच दिवस गेले. रत्नागिरीला मामेभाऊ आहे, त्याचं मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर येणं-जाणं असतं. होड्यांना मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनांचे थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास उघडतात, कारण ती इंजिनं समुद्राच्या पाण्यावर थंड होतात आणि पाणी जास्त तापलं तर आत मीठ साचतं. त्याला म्हटलं, एक पाठव. ९०० रुपये आणि कुरिअर १२०.

तापमान हवं तसं होतं. ५१ ला हलायला सुरुवात, ६५ ला पूर्ण. पण हालचाल फक्त ४ मिलिमीटर. त्या इंजिनाला तेवढीच लागते, मला ६ हव्यात.

सोडून द्यायचं होतं, पण पैसे घातलेले म्हणून मन मानेना. पट्टीचा एक लहान लिव्हर बनवला, कुपी जवळच्या भोकाला, तार लांबच्या भोकाला, म्हणजे ४ चे ६ होतील. टेबलावर झकास चाललं. गाडीवर दुसऱ्या दिवशी हादऱ्याने खिळीचं भोक मोठं झालं, आणि जेवढी हालचाल लिव्हरने वाढवली तेवढी त्या सैलपणात गेली. नवी खिळी, नवं भोक, पुन्हा तेच. ज्या जागी डिझेल इंजिन थरथरतं तिथे जास्तीचा सांधा टिकत नाही. चार दिवसांनी काढून टाकला. भाऊ म्हणाला, "अरे, आधी हालचाल विचारली असतीस तर मी मोजून सांगितलं असतं." विचारली नव्हती. फक्त तापमान विचारलं होतं. थर्मोस्टॅटवर तापमान कोरलेलं असतं, हालचाल कोरलेली नसते, म्हणून ती राहून जाते.

३० डिसेंबर

पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टरच्या पार्टची दुकानं रांगेने आहेत. पातेल्यात मोजलेले आकडे कागदावर घेऊन गेलो. दुकानदाराला सांगितलं, सगळ्यांत कमी तापमानाचा आणि सगळ्यांत जास्त उघडणारा दाखवा. त्याने दोन-तीन डबे काढले. एकावर ७१ कोरलेलं होतं. २२० ला एक. तीन घेतले, कारण एकतरी बिघडणार हे आता कळून चुकलं होतं.

घरी मोजलं:
६५ अंशांना अर्धा मिलिमीटर, ७१ ला १, ७६ ला ४, ८० ला साडेसहा, ८५ ला ८.

थंड होताना कुपी थोडी उशिरा परत येते, साधारण चार-पाच अंश. ते चालेल. मला हवी होती त्यापेक्षा ही वीसेक अंश उशिरा काम संपवेल, म्हणजे सकाळी वाढीव स्लो स्पीड दोन-तीन मिनिटं जास्त राहील. निफाडच्या थंडीत मला त्याचं वाईट वाटत नाही. आणि ८९ च्या थर्मोस्टॅटपेक्षा ती चांगली खाली आहे, म्हणून गरम इंजिनात तार नक्की ढिली पडेल.

२ जानेवारी

थर्मोस्टॅट फोडायचा कसा: आडवी पट्टी कानशीने घासून कापा, करवतीने नको. करवत सटकली तर कुपीच्या वाटीला लागते आणि वाटीचा पत्रा पातळ असतो. पट्टी सुटली की स्प्रिंग उडते. चष्मा घाला. माझी भिंतीवर जाऊन आपटली.

कुपी आणि जुनं घर घेऊन गावातल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी वर्निअर लावला आणि म्हणाले, "तुझी कुपी घरापेक्षा दीड मिलिमीटर जाड आहे बाळा. बोअर केलं तर आट्यांच्या मुळाशी पितळ किती उरेल बघ." बघितलं, सव्वा मिलिमीटर उरत होतं. काका म्हणाले चालेल, फक्त हाउसिंगमध्ये आवळताना ताकद लावायची नाही. बोअर करून, कुपीच्या कॉलरला बसायला पायरी आणि पायरीवर ओ रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीची, खाच केली. मागच्या बाजूला आतून आटे पाडले, त्यात पितळेचं नवं टोपण. टोपणाच्या मधोमध भोक, त्यातून तार बाहेर.

रचना अशी: कुपीची वाटी पाण्यात. ओ रिंगने पाणी तिथेच अडतं. कोरड्या बाजूला दांडी एका लहान पितळी दट्ट्याला ढकलते. दट्ट्याच्या पाठीमागे, टोपणाला टेकलेली स्प्रिंग. तार दट्ट्याला अडकवलेली. गरम झालं की दांडी दट्ट्याला पुढे ढकलते, तार ढिली. थंड झालं की स्प्रिंग दट्ट्याला मागे रेटते, तार ताणली जाते. स्प्रिंग पंपाच्या लिव्हरच्या स्प्रिंगपेक्षा जोरदार हवी, नाहीतर थंड असताना लिव्हर ओढला जाणार नाही. थर्मोस्टॅटची स्प्रिंग त्याहून कितीतरी जोरदार असते. फक्त ती घरात मावत नव्हती, म्हणून मी तिची तीन वेटोळी कापली.

काकांनी ५०० घेतले. स्प्रिंग कापल्याचं मी त्यांना सांगितलं नाही, घरी येऊन कापली. ते या कामातलं सगळ्यांत मोठं चुकलेलं पाऊल.

५ जानेवारी

बसवला. कूलंट भरलं, हवा काढली. पहाटे तापमान ७. चालू झाल्याबरोबर ९४० वर, पाय न लावता. आई पडवीत उभी होती, ती म्हणाली, "आज आवाज वेगळाच आहे." फार बरं वाटलं.

बारा मिनिटांनी स्लो स्पीड खाली यायला लागला, ८७०, ८३०, आणि तिथेच अडकला. मी गाडी बागेत नेऊन आणली. परत आलो तर पुन्हा ९४०, इंजिन पूर्ण गरम असताना. म्हणजे दट्ट्या मागे गेला होता. गार झाल्यावर उघडलं. टोपणाच्या आत मेण.

कुपी फुटली होती.

८ जानेवारी

तीन दिवस कारण समजेना. कुपीच खराब निघाली असं म्हणून दुसरी घालणार होतो. काकांकडे सुटे भाग नेले. त्यांनी कापलेली स्प्रिंग बाकावरच्या व्हाइसमध्ये दाबली आणि वर्निअर लावला. साडेपाच मिलिमीटरला वेटोळी एकमेकांना टेकली. पुढे ती स्प्रिंग राहिलीच नाही, लोखंडाचा ठोकळा झाला. ८५ अंशांना कुपीला ८ मिलिमीटर जायचं होतं. दांडीला जागा नाही, मेण फुगतच राहिलं, आणि जे सगळ्यांत नाजूक होतं ते फाटलं, म्हणजे रबर.

"मेणाला अडवायचं नसतं," काका म्हणाले. "ते थांबत नाही."

हे खरोखर लक्षात ठेवण्यासारखं आहे. या लहानशा कुपीचा जोर स्प्रिंग, पट्टी किंवा पितळी टोपण अडवू शकेल असं समजू नका. सर्वांत जास्त तापमानाला जेवढी हालचाल होते, त्यावर निदान दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. आणि जे बनवलंय ते गाडीत घालण्याआधी जसंच्या तसं जोडलेलं उकळत्या पाण्यात ठेवून बघा. मी सुटी कुपी उकळली होती, जोडलेला तुकडा उकळला नव्हता. उकळला असता तर गाडीऐवजी पातेल्यात फुटला असता आणि सात लिटर कूलंट दुसऱ्यांदा काढावं लागलं नसतं. कूलंट निदान स्वच्छ डब्यात धरलं होतं, गाळून परत घातलं.

आणखी एक. जोडलेला तुकडा उकळताना चेहरा पातेल्यावर आणू नका. दांडी अडकली तर ती बंदुकीसारखी सुटू शकते. मी पातेल्यावर झाकण ठेवतो आणि तापमापकाची तार फटीतून बाहेर काढतो.

१२ जानेवारी

दुसरी कुपी, आणि दुसऱ्या थर्मोस्टॅटची न कापलेली स्प्रिंग. काकांनी टोपण १४ मिलिमीटर लांब करून दिलं, ३५०. आता पूर्ण स्प्रिंग मावते आणि वेटोळी टेकायला साडेअकरा मिलिमीटर लागतात.

जोडून पातेल्यात. ९५ पर्यंत नेलं, तिथे दहा मिनिटं ठेवलं, गार पाण्यात टाकलं, पुन्हा. असं पंधरा वेळा. हालचाल दर वेळी ८ ते साडेआठ. मेण कुठे नाही.

लांब टोपणामुळे तुकडा आता बॅटरीच्या ट्रेला लागत होता. ट्रेची कड कानशीने पाऊण सेंटिमीटर उतरवली आणि रंग मारला.

१३ जानेवारी

बसवला. थंड ९४०. पाणी ८० च्या पुढे गेल्यावर ७६०. उद्या संक्रांत, गाडी घेऊन सगळे नाशिकला.

१५ जानेवारी

नाशिकहून येताना कूलंटचा गोडसर वास. तुकड्याखाली ओल. ओ रिंग मी हार्डवेअरच्या दुकानातून १० रुपयांची घेतली होती, पंपाच्या नळाला वापरतात ती. दोन दिवसांत चपटी आणि कडक. नाशिकला सील विकणाऱ्या दुकानातून ईपीडीएम रबराची आणली, गरम पाणी आणि कूलंटला हीच चांगली. दोन घेतल्या, ७० रुपये. मात्र तिला ग्रीस लावू नका, साध्या ग्रीसने ती फुगते. बसवताना थोडं कूलंटच चोळलं.

१९ जानेवारी

तारेची शेवटची जुळणी. हे पूर्ण गरम इंजिनावरच करायचं, नाहीतर चुकतं. गरम असताना तारेत पाऊण मिलिमीटर ढिलाई ठेवली. ढिलाई शून्य ठेवली तर स्लो स्पीड पूर्ण खाली येत नाही. जास्त ठेवली तर थंडीत लिव्हर पुरता ओढला जात नाही. तीनदा करून जमलं. तारेच्या टोकाच्या अडकणीवर रंगाची खूण केली.

आजचे आकडे, पडवीत ६ अंश:
सुरुवातीला ९५०. नऊ मिनिटांनी ९४०. तेराव्या मिनिटाला ८६०. सोळाव्या मिनिटाला ७६० आणि तिथेच स्थिर. धूर पहिलं मिनिटभर.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आला की गावात सगळे तेवढीच थंडी धरतात, पण आमचा मळा ओढ्याच्या काठी आहे, इथे नेहमी थोडं आणखी गार असतं. चाचणी करायला जागा चांगली मिळाली.

९ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले, जवळपास ७०० किलोमीटर. गळती नाही. गरम असताना तारेची ढिलाई अजून पाऊण मिलिमीटरच आहे, दर रविवारी बघतो. अॅव्हरेज आधी १५ च्या आसपास होतं, गेल्या दोन टाक्यांना १७ च्या थोडं वर. ते कुपीमुळे नाही, थर्मोस्टॅट परत बसवल्यामुळे आहे.

खर्चाचा हिशेब कुणीतरी विचारणारच. हीटर प्लग १,६८०, टॅकोमीटर १,१५०, थर्मोस्टॅट आणि पॅकिंग ७१०, कूलंट १,२८०, तुटलेला बोल्ट ४००, तापमापक ३५०, होडीचा थर्मोस्टॅट कुरिअरसकट १,०२०, ट्रॅक्टरचे तीन ६६०, लेथ ८५०, ओ रिंग ८०. एकूण ८,१८०. परदेशी नव्या तुकड्यापेक्षा जास्त. पण त्यातले तुकड्याला खरंच लागणारे म्हणजे ट्रॅक्टरचा एक थर्मोस्टॅट, लेथ आणि एक ओ रिंग, साडेअकराशेच्या आत. ज्याला हे आकडे आधीच मिळाले त्याला तेवढ्यातच व्हावं.

वेळ दोन महिने, त्यातले हाताला काम असलेले दिवस अठरा-एकोणीस.

सिन्नरहून एक एस्टीम डिझेलवाले येऊन गेले. त्यांच्या इंजिनाला तारेची रचना तीच, पण तुकडा हाउसिंगवर जरा वेगळ्या कोनात बसलाय, लांब टोपण थेट पाइपला लागेल. त्यांना म्हटलं, पाइपापासूनचं अंतर मोजून आणा, टोपण कापण्याआधी. काकांनी माझ्या तुकड्याची मापं लेथमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहेत. तिसरी कुपी फडक्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवलीय, सोबत ईपीडीएमची जास्तीची रिंग आणि एक चिठ्ठी: ७१ अंश, ८ मिलिमीटर, मागे मोकळी जागा साडेतीन.